खांड

चिखलाला आपल्या भाषेत काडीची प्रतिष्ठा नाही. कुणाची नालस्ती करायची तर चिखलफेक करावी, संसाराचा गाडा अडला तर तो चिखलात रुतावा, आणि चिखलात दगड टाकला तर शिंतोडे आपल्याच अंगावर उडतात, हे तर आपण लहानपणीच पाठ केलेले असते. कमळाच्या निमित्ताने कधीमधी चिखलाचे नाव जरा आदराने घेतले जाते. पण तिथेही मान सगळा कमळाचा. आमच्या खारेपाटातल्या माणसाला मात्र हे काही केल्या पटत नाही. आमच्याकडे चिखल हा नात्यातला. मुलगी पाहायला आले की स्वयंपाक येतो का असे विचारतात. आमच्या आजीच्या वेळी चिखलात उतरता येते का असे विचारीत असत, असे ती सांगते. आजीच्या सांगण्यातले निम्मे जरी खरे धरले, तरी चिखलाची थोरवी सिद्ध व्हायला तेवढे पुरे आहे.

शब्दांचेही तसेच. 'खांड' म्हटले की तुमच्या तोंडाला पाणी सुटत असेल. दिवाळीच्या दिवसांत तर विशेषच. आमच्याकडे त्याच शब्दाने तोंडचे पाणी पळते. अलिबाग-पेणच्या बाजूला धरमतरच्या खाडीला लागून जो सखल पट्टा आहे, तो खारेपाट. इथे उधाणाच्या भरतीचे पाणी वर आणि भाताची शेते खाली, अशी सृष्टीची उलटी मांडणी आहे. दोहोंच्या मध्ये असतो तो मातीचा एक बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. शेतातले पावसाचे पाणी खाडीत जावे, पण खाडीचे पाणी शेतात येऊ नये, म्हणून बांधाला ठिकठिकाणी दारे ठेवलेली असतात, त्या उघाड्या. एवढ्या मातीच्या आणि लाकडाच्या भरवशावर आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या लाल राता भात पिकला. आणि या बांधाला जे भगदाड पडते, त्याचे नाव खांड. साखरेची खांड जिभेवर विरघळते. ही खांड अख्खे शेत विरघळवून टाकते.

हा शब्द कित्येक वर्षे आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता. तो मला पुन्हा भेटला तो खारेपाटात नव्हे, तर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर असलेल्या एका बेटावर, नारिंगी रंगाच्या होडीत बसले असताना.

मी सिंगापुरात संख्याशास्त्र शिकते. परदेशी शिकणाऱ्या मुलीबद्दल गावाकडे ज्या कल्पना असतात, त्यांना धक्का लागू नये याची मी होईल तितकी काळजी घेते. पण खरे सांगायचे तर माझा आठवडा ग्रंथालयात जातो आणि शनिवार-रविवार कपडे धुण्यात. खर्च करताना डॉलरचे रुपये करण्याची खोड अजून गेलेली नाही. साधा चहा घेतला तरी मनातल्या मनात गुणाकार होतो आणि चहा कडू लागतो. त्यामुळे परीक्षा संपल्यावर माझी वसतिगृहातली मैत्रीण, "शनिवारी कयाक घेऊन खारफुटीत जाऊ या," असे म्हणाली, तेव्हा मी आधी फी विचारली, मग गुणाकार केला, आणि मग नको म्हटले. ही मैत्रीण व्हिएतनामची, मेकाँग नदीच्या मुखाजवळच्या गावातली. नकार ऐकू न येण्याची कला तिला उत्तम साधली आहे. तिने दोघींचे पैसे भरून टाकले आणि मला हप्ते बांधून दिले.

त्याच रात्री घरी फोन झाला. आजीला मी कुठे जाणार ते सांगितले.

"चिखलात?" आजी म्हणाली.

"चिखलात नाही गं. होडीत बसून चिखल बघायचा."

"बघायचे पैसे घेतात?"

"घेतात."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आजी म्हणाली, "मग आपल्या दारात दौलत पडली आहे, बाय. तिकीट लावायला सांग तुझ्या बापाला."

बाबा तिथेच बसलेले असणार, हे मला ठाऊक होते. ते हसल्याचे काही ऐकू आले नाही.

सिंगापूरच्या पूर्वेकडे चांगी म्हणून जागा आहे. तिथल्या धक्क्यावरून पलीकडच्या बेटाला लाकडी मोटारहोड्या जातात. त्यांना वेळापत्रक नाही. बारा उतारू जमले की होडी सुटते. ज्या शहरात आगगाडी मिनिटाच्या काट्यावर येते, त्याच शहराच्या टोकाला आमच्या गावाकडच्या सहाआसनी रिक्षेचा कायदा चालतो, हे पाहून मला एकदम माहेरी आल्यासारखे वाटले. बेटाचे नाव पुलाव उबिन. नावातला 'पुलाव' ऐकून मराठी माणसाने उगाच आशा धरू नये. मलय भाषेत पुलाव म्हणजे बेट.

दहा मिनिटांत आपण पलीकडे पोचतो. बेट लहानसेच, सुमारे दहा चौरस किलोमीटरचे. आज तिथे सायकली, नारळपाणी आणि सहलीला आलेली मुले दिसतात. पण या बेटाचे पोट पूर्वी दगडावर चालत असे. इथल्या काळ्या-करड्या ग्रॅनाइटने सिंगापूर उभारले. दूर समुद्रातल्या खडकावरचे हॉर्सबर्ग दीपगृह १८५१ साली उजळले, ते उबिनच्या दगडावर उभे आहे. सिंगापूरला मलायाच्या भूमीशी जोडणारा जोहोरचा बांधरस्ता १९२४ साली पुरा झाला, त्यातही उबिनचा दगड आहे. खाणी होत्या तोवर इथे हजारोंनी माणसे राहत. खाणी बंद पडल्या, माणसे शहराकडे गेली, आणि आता मोजकी काही घरे उरली आहेत. खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचून त्यांची हिरवीगार तळी झाली आहेत. लोक तिथे थांबून फोटो काढतात. जिथली मजुरी संपते तिथे सहल सुरू होते, असा काहीसा जगाचा नियम असावा.

त्या नियमाला कयाकही अपवाद नाही. आम्हांला ज्या होड्या दिल्या त्या प्लास्टिकच्या होत्या, एका होडीत पुढेमागे दोघे बसतील अशा. पण या होडीची मूळ जात ध्रुवाकडची. बर्फाच्या मुलखात राहणाऱ्या इन्युइट लोकांनी ती घडवली. तिथे झाडे नाहीत. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली लाकडे आणि हाडे जुळवून सांगाडा करायचा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, आणि तीत बसून सीलचीच शिकार करायची. होडी इतकी अरुंद की ती नेसावी लागते म्हटले तरी चालेल. उलटी झाली तर थंडगार पाण्यात पोहणे म्हणजे मरण. म्हणून वल्ह्याच्या एका फटक्यासरशी होडीसकट पुन्हा सुलटे होण्याची विद्या त्यांनी शोधून काढली. पोटासाठी आणि जिवासाठी घडवलेली ही वस्तू आज विषुववृत्तावर, घामाने निथळणाऱ्या विद्यार्थ्यांना, तासाच्या भाड्याने मिळते. आमच्या आजीला कळले असते तर तिने त्या इन्युइट म्हातारीलाही तिकीट लावायचा सल्ला दिला असता.

आमचा वाटाड्या पंचविशीचा एक हसतमुख मुलगा होता. त्याने छातीला तरंगजाकिटे बांधली, दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे हातात दिले, आणि एकच मंत्र सांगितला: कमरेखाली सैल राहा, होडी डुलली की तिला डुलू द्या. मैत्रीण पुढे बसली, मी मागे. पहिली पाच मिनिटे आम्ही दोघींनी मिळून होडी जागच्या जागी गोल फिरवली. नंतर आमचा ताल जमला. डावे, उजवे, डावे, उजवे. पाते पाण्यात शिरताना होणारा तो 'चुळुक' आवाज आणि मध्येच हातावर ओघळणारे कोमट खारे पाणी. समोर पलीकडच्या काठाला मलेशिया दिसत होता. दोन देशांच्या मधल्या त्या पाण्यात तरंगत्या चौकटी बांधून मत्स्यशेती केलेली होती. वाटाड्याने आमच्या होड्या एका चौकटीजवळ नेल्या आणि तिथल्या माणसाने जाळे किंचित उचलून दाखवले. चंदेरी अंग, खोलगट कपाळ, मोठे तोंड आणि अंधारात चमकतील असे डोळे.

"याला सियाकाप म्हणतात," वाटाड्या म्हणाला.

मी मनात म्हटले, तू काहीही म्हण बाबा, हा जिताडा आहे. खारेपाटात ज्याच्या तळ्यात जिताडा तो सावकार, आणि ज्या घरी जावई येणार त्या घरी जिताडा शिजलाच पाहिजे. समुद्रातल्या चौकटीत कोंडलेला आमच्या जावयांचा तो मान पाहून मला हसू आले. परक्या मुलुखात ओळखीचे माणूस भेटावे तसे झाले. मात्र ते माणूस गावाकडची बातमी घेऊन आले आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

मग आम्ही एका अरुंद खाडीत शिरलो. ऊन मागे राहिले. दोन्ही बाजूंनी कांदळाची झाडे पाण्यावर झुकलेली, त्यांची कमानदार मुळे कोळ्याच्या पायांसारखी चिखलात रोवलेली. काही झाडांवर हिरव्या लांबट शेंगांसारखे काही लोंबत होते. त्या शेंगा नव्हेत. ती झाडाची बाळे. कांदळाचे बी झाडावरच रुजते, आईच्या अंगावरच कोंब काढते, आणि पुरेसे वाढले की बाणासारखे खाली सुटते. ओहोटी असेल तर चिखलात उभे रुतते, भरती असेल तर तरंगत जाते आणि जिथे चिखल भेटेल तिथे संसार मांडते. जरा पुढे तिवर लागले. त्यांची मुळे चिखलातून वर डोकावत होती, पेन्सिलींचा गठ्ठा उभा करून ठेवावा तशी. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर मुळे वर काढून श्वास घेतो. आणि त्या मुळांच्या मधून, डोळे टाळूवर बसवलेल्या, मासा म्हणावे तर चालणाऱ्या आणि बेडूक म्हणावे तर शेपटीच्या, निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या.

वाटाड्याने तिवराचे एक पान खेचून त्याची खालची बाजू आम्हांला जिभेने चाखायला सांगितली. "मीठ!" माझी मैत्रीण म्हणाली. तिवर खारे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ पानावाटे बाहेर टाकतो. सगळ्यांनी मोठ्या कौतुकाने पाने चाखली. मी पान हातात धरून बसले. त्या पानाची चव मला चाखायची गरज नव्हती.

खाडीच्या वळणावर एक मातीचा बांध दिसला. जुना, खचलेला, पण बांधच. खारेपाटातल्या मुलीला तो ओळखायला वेळ लागत नाही. त्याच्या आत उथळ तळे होते, आणि तळ्यात काही नव्हते; नुसते साचलेले पाणी. वाटाड्या सांगू लागला. इथे पूर्वी कोळंबीची तळी होती. त्यासाठी खारफुटी काढून बांध घातले. पुढे धंदा बंद पडला, माणसे गेली, बांध राहिले. बांधांमुळे भरतीचे पाणी नीट आत येत नाही आणि ओहोटीला नीट बाहेर जात नाही, म्हणून झाडे परत येत नाहीत. लोक पूर्वी अशा ठिकाणी हौसेने रोपे लावीत आणि ती मरत. आता अभ्यासकांच्या ध्यानात आले आहे, की झाडे लावण्यापेक्षा पाणी खेळते करावे. बांध योग्य ठिकाणी मोकळा केला, की समुद्र आपली बी-बियाणे घेऊन स्वतःच येतो.

"म्हणजे बांध फोडायचा?" मी विचारले.

"फोडायचा," तो उत्साहाने म्हणाला. "एक चांगले भोक पाडले की पुरे."

त्या चांगल्या भोकाला आमच्याकडे काय म्हणतात, हे त्याला सांगावे असे वाटले. पण ते एका वाक्यात सांगण्यासारखे नव्हते.

मी आठवीत होते. आषाढातली अमावास्या, नुकतीच लावणी झालेली. रात्री कुणीतरी आरोळी दिली, "खांड गेली!" आणि सगळा गाव बांधाकडे धावला. बाबा, काका, शेजारपाजारचे झाडून सारे पुरुष. बायका पेंढ्याचे भारे आणि रिकामी पोती घेऊन मागे. बांधात खेकड्यांनी पाडलेली बिळे, वर उधाणाचा रेटा आणि डोक्यावर मुसळधार पाऊस. हातभर भोक पाहता पाहता बैलगाडी जाईल एवढे झाले. चिखलाने भरलेली पोती टाकावीत आणि ती पाण्याने काडीसारखी उचलून न्यावीत. पहाटे बाबा घरी आले तेव्हा ते आपादमस्तक चिखलाने माखलेले होते आणि त्यांच्या डोळ्यांखालून मात्र दोन स्वच्छ रेघा ओघळल्या होत्या. पावसाच्या असतील, असे मी तेव्हा स्वतःला समजावले.

बांध त्या पावसात बांधून होईना, पुढच्या उधाणाने तो आणखी गेला. पहिल्या वर्षी शेतावर पांढरे मीठ फुलले. दुसऱ्या वर्षी निवट्या आल्या. तिसऱ्या वर्षी तिवराची रोपे आली, भातासारखी दाट. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, लावणी झाली आहे. आमचे शेत दीड एकराचे. जगाच्या हिशेबात ते काहीच नव्हे. पण याच खारेपाटात १९३३ साली चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षे, जमिनीला नांगर लावला नाही. माझे पणजोबा त्या संपात होते. ज्या जमिनीसाठी त्यांनी ती जमीनच सहा वर्षे ओसाड ठेवली, ती आता त्यांच्या नातवाच्या डोळ्यांदेखत कायमची हिरवी झाली होती.

आणि हिरवी झाली ती हात लावता येणार नाही अशी. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला बंदी केली. जमीन कुणाच्याही मालकीची असो. तो निर्णय योग्यच आहे, असे माझे मत आहे. किनारे खचत आहेत, मासे घटत आहेत, आणि माशांची पिले वाढतात ती याच मुळांच्या आडोशाला. हे मत मी घरी कधी बोलून दाखवलेले नाही. बाबा एवढेच म्हणतात, "सातबाऱ्यावर नाव माझे आणि राज्य निवट्यांचे." तेव्हापासून ते बांधाकडे फिरकलेले नाहीत. बाजारातून आणलेला पांढरा तांदूळ ताटात पडला की पहिला घास घेण्याआधी ते क्षणभर थांबतात. एवढीच काय ती तक्रार.

हे मी तुटक तुटक माझ्या मैत्रिणीला सांगितले. आम्ही वल्ही आडवी ठेवली होती आणि होडी भरतीबरोबर आपोआप आत सरकत होती.

"आमच्याकडेही मीठ येते," ती म्हणाली. "पावसाळ्यात आम्ही भात घेतो. उन्हाळ्यात खारे पाणी आपणच आत घेतो आणि त्याच शेतात कोळंबी वाढवतो. पाऊस आला की मीठ धुऊन जाते, आणि पुन्हा भात."

"दार तुमच्या हातात आहे," मी म्हटले.

"हो. दार आमच्या हातात आहे."

दुपारभर ते वाक्य माझ्या डोक्यात वल्ह्यासारखे खाली-वर होत राहिले. तिवर आणि भात यांचे जन्माचे वैर आहे, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. पण आजीच्याच तोंडून मी ऐकले होते, की पूर्वी बांधाच्या बाहेर खाडीच्या अंगाला तिवरांची दाट रांग असे. उधाणाची लाट तिच्यात अडकून दमायची आणि मग बांधाला टेकायची. सरपणासाठी ती रांग हळूहळू तुटत गेली. म्हणजे तिवर बांधाबाहेर असला तर पहारेकरी, आत आला तर दरोडेखोर. आणि तो काय ठरणार हे बांधावर अवलंबून. बांध तरी कशावर अवलंबून? तो मातीचा, हे आपले वरवरचे. ज्यांची ज्यांची शेते एका बांधाच्या आसऱ्याने पिकत, त्या साऱ्यांची मिळून एक जोळ असे. बांधावर फिरून खेकड्याचे बीळ शोधायचे, ते तिथल्या तिथे बुजवायचे, उघाडीची फळी सरकली तर बसवायची, हे जोळीचे काम. पोरे शिकली, नोकऱ्यांना लागली. शनिवारी-रविवारी घरी येणाऱ्या माणसाला बीळ दिसत नाही. खांड त्या आषाढात पडली खरी, पण ती पडायला कितीतरी वर्षे आधी सुरुवात झाली होती.

उबिनचा तो बांध मोकळा केला तर कुणाचे ताट रिकामे होणार नाही. म्हणून तिथे जे भोक पाडायचे ते औषध, आणि आमच्याकडे पडले तो घाव. भोक तेच, पाणी तेच. फरक फक्त, बांधाच्या आत कुणी होते की नव्हते, एवढाच.

परतताना वाटाड्याने बेटाच्या पूर्व टोकाची हकिगत सांगितली. तिथे चेक जावा नावाचा ओहोटीचा किनारा आहे. वाळू, समुद्रगवत, प्रवाळ आणि खारफुटी एकाच ठिकाणी. तो भराव घालून बुजवायचा असे ठरले होते. २००१ साली ही गोष्ट लोकांना कळली. मग ओहोटी पाहून माणसे तिथे येऊ लागली. शाळेतली मुले आली, म्हातारी माणसे आली, अभ्यासक आले. त्यांनी तिथला एकेक जीव मोजून टिपून ठेवला आणि तो सरकारपुढे मांडला. त्या वर्षाच्या अखेरीस भराव पुढे ढकलण्यात आला. आज तिथे पाण्यावरून फिरायला वाट आहे आणि किनारा जसाच्या तसा आहे. नुसते बघायला आलेल्या लोकांनी तो वाचवला. 'बघायचे पैसे घेतात?' या आजीच्या प्रश्नाला माझ्यापाशी आता एक उत्तर होते, पण अर्धेच. कारण एखादी जागा वाचवायला जशी बघणारी माणसे लागतात, तशी एखादी जागा गेली हे मान्य करायलाही लागतात. आमचे शेत गेले ते कुणी पाहिलेच नव्हते. आम्ही सुद्धा तिकडे पाठ करून बसलो होतो.

रात्री मी फोटो घरी पाठवले आणि फोन केला. आजी आधी.

"निवट्या होत्या?"

"होत्या."

"धरल्यास किती?"

"एकही नाही. बघितल्या नुसत्या."

"मग गेलीस कशाला?" असे म्हणून तिने फोन बाबांच्या हाती दिला.

बाबांना मी बांधाचे सांगितले. इतक्या वर्षांनी मी त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारला. ते लोक मुद्दाम खांड पाडणार आहेत, म्हणजे तिवर परत येतील, असे म्हटले. ते बराच वेळ बोलले नाहीत.

"तिथे तांदूळ कुठला खातात?" शेवटी त्यांनी विचारले.

"बाहेरून येतो. थायलंडचा, व्हिएतनामचा. आपलाही."

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले. "तांदूळ विकत घेणाऱ्याला बांध फोडणे परवडते." आणि थोड्या वेळाने, "त्या फोटोतले वल्हे कसले गं? दोन्हीकडे पाते?"

"हो. बाजू बदलावी लागत नाही."

"हं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

गेल्या दिवाळीत मी घरी गेले. एके काळी दिवाळी म्हणजे आमच्याकडे कापणीचे दिवस. अंगणात नव्या पेंढ्याचा वास असायचा. आता अंगण सारवलेले, रांगोळी घातलेली, आणि मोकळे. पडवीत एक लांब बांबू टेकवून ठेवला होता. त्याच्या दोन्ही टोकांना पातळ फळ्या ठोकून, तासून, त्यांना पात्यासारखा आकार दिलेला होता. मी काही विचारले नाही, त्यांनी काही सांगितले नाही. भाऊबीजेला जेवणे झाल्यावर बाबा म्हणाले, "आज द्वितीया. तिथीची पाऊणपट, दीड वाजता भरती भरेल. काकाची होडी मागितली आहे. चल."

खांडीच्या तोंडाशी पाणी शांत होते. जिथे बाहेरकाठा होता तिथे आता होडी सहज जाईल एवढी वाट झाली आहे. त्या वाटेने आत शिरलेल्या भरतीने आमच्या शेतातूनच आपली एक नागमोडी खाडी कोरली आहे. मी पुढे बसून बाबांनी केलेले वल्हे मारत होते. ते जरा जड होते, पण तोल चांगला होता. दोन्ही बाजूंना तिवर, दोन पुरुष उंच. बगळे उठले आणि पुढे जाऊन पुन्हा बसले. एक खंड्या निळा पट्टा ओढून गेला. मला ते सुंदर वाटले, आणि सुंदर वाटते आहे हे मी लपवले नाही. बाबा मागे बसले होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. नुसता आवाज येत होता. एवढा वेळ सलग बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकले नव्हते.

"हे आपले मोठे खाचर. इथे सर्वांत आधी लावणी व्हायची. ते पलीकडे वाकडे. त्यात पाणी टिकायचे नाही. इथे खळे घालायचो. तू तीन वर्षांची असताना इथेच पेंढ्यात झोपून गेली होतीस, आम्ही सगळीकडे शोधत होतो."

मी पाण्याकडे पाहिले. गढूळ हिरवे पाणी, त्यात तिवरांची सावली, आणि तळाचे काहीएक दिसत नव्हते.

"जरा उजवीकडे घे, बाय," बाबा म्हणाले. "डावीकडे आपला बांध आहे. होडी लागेल."